देवगडच्या उन्हाळ्यासाठी ‘कूल वॉटर’ घ्यावे की ‘अक्वा दी जिओ’?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही देवगड तालुक्यातील एका बँकेत कर्ज अधिकारी आहात, सकाळचे तीन-चार तास आंब्याच्या बागांची पाहणी करण्यासाठी मोटारसायकलवर फिरता आणि दुपारनंतर वातानुकूलित शाखेत बसता. कोल्हापूरच्या एका दुकानात डेव्हिडॉफचे ‘कूल वॉटर’ आणि जॉर्जिओ अरमानीचे ‘अक्वा दी जिओ’ ही दोन्ही परफ्यूम तुम्ही कागदाच्या पट्टीवर हुंगून पाहिलीत, दुसरे अधिक आवडले, परंतु त्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे काहीच न घेता परतलात. मित्र म्हणतो की कूल वॉटर आता जुने झाले. धाकट्या भावाचे लग्न वैशाखात आहे आणि एकच बाटली घ्यायची आहे, तर ती कोणती, असा तुमचा प्रश्न आहे.

मी गेली चोवीस वर्षे रत्नागिरीत अत्तरे आणि परफ्यूम यांचा व्यवसाय करतो आणि हा प्रश्न, नावे बदलून, दर उन्हाळ्यात माझ्यासमोर येतो. उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. तुम्ही वर्णन केलेल्या दिनक्रमासाठी कूल वॉटर घ्यावे. अक्वा दी जिओ हे दोहोंपैकी अधिक सुंदर रचलेले परफ्यूम आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कागदावर ते तुम्हाला अधिक आवडले यात तुमच्या नाकाची काहीही चूक नाही, आणि तरीही देवगडच्या बागेत मे महिन्यातील सकाळी अकरा वाजता ते तुमची साथ करणार नाही.

याचे मूळ आपल्या हवेत आहे. ‘उन्हाळ्यात चालणारे परफ्यूम’ असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा तो कोणत्या उन्हाळ्याबद्दल बोलत आहे हे आधी विचारले पाहिजे. नागपूरला मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो, पण हवा कोरडी असल्यामुळे आलेला घाम पाहता पाहता उडून जातो आणि कातडी कोरडी राहते. आपल्या किनाऱ्यावर पारा बहुतेक दिवस ३२ ते ३४ अंशांच्या आसपासच असतो, परंतु हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घामाला उडून जायला जागाच उरत नाही. तो मानेवर, कोपराच्या खोबणीत आणि पाठीवर तसाच साचून राहतो, अंग चिकचिकते, आणि रात्रीसुद्धा गारवा येत नाही. सकाळी मतलई वारा पडला आणि खारा वारा अजून सुटलेला नाही, या मधल्या दीड-दोन तासांत तर झाडाचे पानही हलत नाही. तुम्ही बागेत असता ती नेमकी हीच वेळ.

अशा हवेत परफ्यूमचे काय होते ते समजून घ्या. लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांच्या सालीतील तेले मुळातच चंचल असतात. कातडी तापलेली असली की ती पंधरा-वीस मिनिटांतच निघून जातात, मग बाटली कितीही महाग असो. त्यानंतर वर येतो तो मधला थर, म्हणजे फुले, पाला आणि मसाल्याचे पदार्थ. हा थर घामाच्या पातळ पडद्यावर तरंगत राहतो, रुमालाने मान पुसली की बराचसा रुमालात जातो, आणि जो उरतो तो दमट हवेत फार लांब न जाता माणसाभोवतीच घोटाळतो. म्हणून आपल्याकडे गोड, जड किंवा फळांच्या वासाची परफ्यूम कोरड्या गावापेक्षा दाट वाटतात. दुकानातील कागदाच्या पट्टीला घाम येत नाही आणि तिच्या भोवतीची हवा यंत्राने कोरडी व गार केलेली असते. तेथे तुम्हाला भेटते ती परफ्यूमची पहिली दहा मिनिटे. बागेत तुम्हाला त्याच्या पुढच्या तीन तासांशी संसार करायचा आहे.

आता कूल वॉटर. ते १९८८ मध्ये बाजारात आले आणि पिएर बूर्दाँ या फ्रेंच सुगंधकाराने ते रचले. त्याची बैठक पुरुषांच्या सुगंधातील फार जुन्या घराण्याची आहे: वर लॅव्हेंडर, पुदिना आणि रोझमेरी, मध्ये जिरेनियम, नेरोली, खाली चंदन, सीडर, कस्तुरीसारखी द्रव्ये आणि तंबाखूची किंचित छटा. या जुन्या चौकटीत बूर्दाँने डायहायड्रोमिर्सेनॉल नावाच्या द्रव्याचा अतिशय सढळ वापर केला. हे द्रव्य त्याआधी प्रामुख्याने साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरीत वापरले जाई, कारण ते स्वस्त आहे आणि साबणातील क्षारापुढेही टिकते. १९८२ च्या ‘द्राक्कार न्वार’ या परफ्यूममध्ये ते ठळकपणे आले, पण त्याचा गार, ओलसर, लिंबाच्या सालीला धातूचा स्पर्श व्हावा तसा वास घरोघरी पोहोचवला तो कूल वॉटरने. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत पुरुषांच्या डिओडरंटपासून दाढीच्या फेसापर्यंत सगळ्यांनी ही वाट धरली. तुमचा मित्र त्याला जुने म्हणतो त्याचे कारण हेच आहे. त्याने मूळ परफ्यूम वापरण्याआधीच त्याच्या शंभर नकला हुंगलेल्या आहेत.

परंतु ज्या गोष्टीमुळे ते सर्वसामान्य वाटते, तीच गोष्ट आपल्या हवेत उपयोगी पडते. लॅव्हेंडर, पुदिना आणि डायहायड्रोमिर्सेनॉल मिळून जो वास तयार होतो तो नुकतीच आंघोळ करून, दाढी करून बाहेर पडलेल्या माणसाचा असतो. हा वास घामाला शत्रू मानत नाही. किंचित घाम मिसळला तरी तो बिघडल्यासारखा वाटत नाही, कारण साबण आणि अंग यांचा वास एकत्र येणे आपल्या नाकाला जन्मापासून ठाऊक आहे. शिवाय लिंबाच्या तेलांइतक्या झपाट्याने तो उडूनही जात नाही. तास-दीड तासाने तो शांत होतो, पण शांत होताना स्वच्छच राहतो.

त्याचे दोष सांगितले पाहिजेत. फवारल्यानंतरची पहिली पाच मिनिटे त्यात एक कडक, टोचणारी धार असते आणि ती मला स्वतःला आवडत नाही. जास्त मारले तर ही धार कपाळात चढते, आणि बंद मोटारीत शेजारी बसणाऱ्याचे डोके दुखू शकते. आजची बाटली ही १९८८ च्या बाटलीची हुबेहूब प्रत आहे असेही समजू नका. सुगंधी द्रव्यांच्या वापरावरील मर्यादा गेल्या काही दशकांत कडक होत गेल्या आहेत आणि बहुतेक सगळ्याच जुन्या परफ्यूमना आपली मांडणी बदलावी लागली आहे. आजचे कूल वॉटर मला पूर्वीपेक्षा सपाट वाटते. खालचा लाकडाचा आणि तंबाखूचा भाग पूर्वी अधिक भरलेला होता. तरीही त्याचा मुख्य स्वभाव शाबूत आहे.

अक्वा दी जिओ १९९६ चे. त्याच्या निर्मितीशी मुख्यतः आल्बेर्तो मोरियास यांचे नाव जोडले जाते. सिसिली आणि ट्युनिशिया यांच्यामध्ये पांतेलेरिया नावाचे ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे एक बेट आहे. तेथे अरमानी यांचे घर होते आणि त्या बेटावरचा समुद्र, ऊन आणि झाडोरा ही या परफ्यूममागची प्रेरणा. वर बर्गमॉट, लिंबू आणि नेरोली. मध्ये मोगऱ्याच्या कुळातील जाईसारखा हलका, हवेशीर फुलोरा आणि रोझमेरी. खाली पचौली, सीडर आणि पांढरी कस्तुरी. या सगळ्याच्या मधोमध समुद्राची जाणीव करून देणारे कॅलोन हे द्रव्य आहे. १९६६ मध्ये फायझर या औषध कंपनीच्या संशोधकांच्या हाती ते लागले आणि सुमारे दोन दशके त्याचा फारसा उपयोग कोणी केला नाही. १९९० च्या दशकात मात्र त्याने पुरुष आणि स्त्रिया दोघांच्याही सुगंधांचे रूप पालटून टाकले. कॅलोन अगदी कणभर असले तरी जाणवते आणि फार चिवट असते. त्याचा वास समुद्राच्या वाऱ्यासारखा असतो असे म्हणतात, पण डोळे मिटून नीट हुंगा. त्यात कापलेल्या कलिंगडाच्या पांढऱ्या गराचा वास अधिक आहे.

पांतेलेरियासारख्या भूमध्य समुद्रातील बेटावर उन्हाळा कोरडा असतो आणि वारा सतत वाहत असतो. त्या हवेत कॅलोनचा पाणीदार वास पातळ होऊन दूर जातो आणि त्यामागची फुले दिसू लागतात. हीच रचना आपल्याकडे आली की वेगळे वागते, आणि ते मी माझ्या अंगावर अनेकदा पाहिले आहे. वरचे लिंबू-बर्गमॉट पहिल्या वीस मिनिटांत जाते. जाईचा हलका भाग घामाने विस्कटतो. चिवट कॅलोन मात्र जागचे हलत नाही. जे तीन-चार सूर एकमेकांना तोलून धरायचे, त्यांपैकी एकच उरतो, आणि तो कलिंगडाचा असतो.

बागेत तर त्याला आणखी सोबती मिळतात. हापूसच्या वासात लॅक्टोन गटातील द्रव्यांचा मोठा वाटा आहे, आणि खोबऱ्याच्या वासाचा आधारही त्याच गटातील द्रव्ये आहेत. तुम्ही केसांना खोबरेल लावून, कॅलोन असलेले परफ्यूम मारून आंब्याची आढी घातलेल्या मांगरात शिरलात, तर पेंढ्याचा उबदार वास, पिकत्या आंब्याचा गोडवा, डोक्यावर तापलेले खोबरेल आणि मानेवरचे कलिंगड हे सगळे एकमेकांत मिसळते. त्यातील प्रत्येक वास चांगला आहे. एकत्र आले की मळमळते. मागील वर्षी माझ्या एका नातलगाच्या मांगरात मला याचा अनुभव आला आणि मला बाहेर खळ्यात येऊन उभे राहावे लागले. तेथून पुढे बंदरावर गेलात, तर सुकत घातलेल्या मासळीचा आणि खऱ्या समुद्राचा वास त्यात भर घालतो. खऱ्या समुद्राच्या काठावर समुद्राचे परफ्यूम लावण्यात एक अडचण असते की तुलना ताबडतोब होते, आणि त्यात बाटलीतील समुद्र खोटा ठरतो. मुंबईच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ही अडचण येत नाही.

हे केवळ तर्काने सांगत नाही. गेल्या मे महिन्यात मी या दोघांची पुन्हा एकदा शेजारी शेजारी परीक्षा घेतली, कारण इतकी वर्षे एखादे मत धरून ठेवले की ते तपासून पाहावेसे वाटते. सकाळी आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे करून डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कूल वॉटरचा एक फवारा आणि उजव्या हाताला अक्वा दी जिओचा एक फवारा घेतला, अर्ध्या बाह्यांचा सुती सदरा घातला आणि दहा वाजता घरातून निघालो. मळभ होते, वारा नव्हता, चांगलेच गदगदत होते. सव्वादहाला उजवा हात निःसंशय वरचढ होता: लिंबाची साल, ओला पाला आणि त्यामागे फुले, अशी स्वच्छ उघडझाप त्यात होती, तर डावा हात अजून धातूसारखा कर्कश होता. पावणेअकराला मी एस. टी. स्थानकावर उभा होतो आणि दोन्ही हात ओले झाले होते. डाव्या हाताची धार बोथट होऊन तेथे लॅव्हेंडर आणि दाढीच्या साबणाचा मऊ वास आला होता. उजव्या हातावरचे लिंबू गेले होते. साडेअकराला रुमालाने दोन्ही हात टिपले आणि पाच मिनिटांनी पुन्हा हुंगले. डाव्या हातावर पुसट, कोरडे लाकूड आणि साबण. उजव्या हातावर घामात मुरलेले कलिंगड, काहीसे आंबूस. एक वाजता घरी आल्यावर पत्नीपुढे दोन्ही हात धरले, कोणत्या हाताला काय लावले आहे ते सांगितले नाही. तिने डाव्याबद्दल “आंघोळ करून आल्यासारखा आहे” असे म्हटले आणि उजव्याबद्दल “फळ कापून ठेवले होतेत का?” असे विचारले.

तुमच्या दिवसाचा दुसरा भाग, म्हणजे वातानुकूलित शाखा, हा मात्र अक्वा दी जिओच्या बाजूने जातो हे मान्य केले पाहिजे. कोरड्या, गार हवेत आणि न घामेजलेल्या कातडीवर ते फार देखणे वागते; जाईचा तो पारदर्शक पदर दुपारपर्यंत टिकतो. तुम्ही पूर्ण दिवस शाखेत बसणारे असता आणि घरापासून कार्यालयापर्यंत मोटारीने जाणारे असता, तर मी बिनदिक्कत तेच घ्या असे म्हटले असते. परंतु तुम्ही शाखेत पोहोचता ते बागेतून घामाने निथळून, आणि तोपर्यंत सकाळी लावलेले जे काही असेल त्याचा शेवटचा थर तुमच्यासोबत बंद खोलीत शिरतो. कर्जासाठी आलेला बागायतदार तुमच्यासमोर हातभर अंतरावर बसतो. त्याच्यापर्यंत साबणाचा वास पोहोचला तर त्याच्या लक्षातही येणार नाही. शिळ्या फळाचा पोहोचला तर येईल.

आता लावण्याची रीत, कारण चांगली बाटली चुकीच्या जागी मारल्यामुळे वाया जाताना मी रोज पाहतो. ताजा घाम जवळजवळ निर्गंध असतो. दुर्गंधी येते ती काखेतील जीवाणू घामावर आणि तेथील स्रावांवर काम करतात तेव्हा. काखेत परफ्यूम मारल्याने जीवाणूंचे काम थांबत नाही, उलट दोन वासांची तिसरीच खिचडी तयार होते. त्यापेक्षा आंघोळीनंतर ओल्या काखेत तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवा आणि कोरडे होऊ द्या. आपल्या वडीलधाऱ्यांचा हा उपाय आजही कोणत्याही सुगंधी डिओडरंटपेक्षा मला सरस वाटतो, कारण तुरटीला स्वतःचा वास नसतो आणि ती परफ्यूमच्या वाटेत येत नाही. बागेच्या दिवशी मान आणि मनगट टाळा. या दोन जागा घामाने लवकर ओल्या होतात आणि मानेवर थेट ऊन पडते. एक फवारा उघड्या छातीवर, तो वाळला की त्यावर बनियन आणि सदरा, आणि दुसरा फवारा सदऱ्याच्या आतल्या बाजूला हातभर अंतरावरून, इतके पुरे. कापडावर घाम आला तरी सुगंध कातडीपेक्षा अधिक काळ टिकतो. पांढऱ्या सदऱ्यावर आधी कोपऱ्यात मारून डाग पडत नाही ना ते पाहा. मनगटावर मारून मनगटे एकमेकांवर घासण्याची सवय असेल तर ती सोडा, त्याने वरचा थर अधिकच लवकर उडतो. केसांना खोबरेल लावायचेच असेल तर ते रात्री लावा आणि सकाळी धुऊन टाका.

बागेतून आल्यावर शाखेत शिरण्यापूर्वी तोंड, मान आणि हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसणे आणि शक्य असल्यास बनियन बदलणे, याचा उपयोग कोणत्याही परफ्यूमच्या दुसऱ्या हप्त्यापेक्षा अधिक होतो. त्यानंतर एकच फवारा घ्यावा. घामावर घाम तसा सुगंधावर सुगंध चढवत गेलात, तर संध्याकाळी सदरा कपाटाजवळ टांगल्यावर घरातील सगळ्यांना ते कळते.

लग्नाबद्दल. वैशाखातील लग्न म्हणजे मांडवाखालील गर्दी, होमाचा धूर, भटारखान्याची धग आणि बायकांच्या केसांत मोगरा, अबोली. मिळालाच तर सुरंगीचा शेवटचा वळेसर. सुरंगीला तर अबोलीसारखे गप्प बसणे माहीत नाही. चार हातांवरूनही तिचा गंध येतो. अशा ठिकाणी वराच्या भावाने काय लावले आहे हे कोणालाही कळणार नाही, आणि कळायला नकोही. सकाळच्या विधींना कूल वॉटरचे दोन फवारे पुरेत. संध्याकाळच्या स्वागत समारंभासाठी वेगळे काही हवे असेल, तर त्याच्यावरही मोठा खर्च करू नका. चांगल्या वाळ्याच्या अत्तराची दोन-तीन ग्रॅमची कुपी आणा आणि काडीच्या टोकाने कानामागे एक ठिपका लावा. वाळ्याची मुळे ओली झाली की त्यांचा वास अधिक खुलतो. आपल्या आजोबांच्या माठात वाळ्याची जुडी असायची ती त्यामुळेच. वाळ्याचा मातकट, हिरवा, किंचित धुरकट गंध घामाने बिघडत नाही आणि कूल वॉटरच्या तळाशी असलेल्या लाकडाशी त्याचे जमते. ही जोडी मी स्वतः गेली दहा वर्षे घरच्या लग्नांत वापरत आलो आहे.

खरेदी करताना नावाखालची ओळ वाचा. अक्वा दी जिओ या नावाने आज अनेक वेगवेगळी परफ्यूम मिळतात. २०१५ चे ‘प्रोफुमो’ धुपाकडे झुकणारे होते, २०२० चे ‘प्रोफोंदो’ आणखीच खाऱ्या पाण्याकडे जाते. मी येथे जे लिहिले आहे ते मूळच्या ‘ओ द त्वालेत’बद्दल आहे, आणि कूल वॉटरबद्दलही तसेच. ‘ओ द त्वालेत’ म्हणजे स्थूलमानाने ५ ते १५ टक्के सुगंधी द्रव्य आणि उरलेला बहुतांश मद्यार्क. दमट हवेसाठी हेच प्रमाण योग्य आहे. विक्रेता ‘हे जास्त तीव्र आहे, जास्त टिकेल’ असे सांगून महागडी आवृत्ती पुढे करील, ती आपल्या किनाऱ्यावर घेऊ नका. टिकणे हा गुण कशाच्या टिकण्यावर अवलंबून असतो, ते उजव्या हाताने मला दाखवून दिलेच आहे.

या दोन्ही नावांच्या बनावट बाटल्या मुबलक आहेत. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घाऊक विक्रेत्याने मला अर्धे खोके खरे आणि अर्धे खोटे असे मिसळून दिले होते. बाटली, खोके, वेष्टन सगळे जुळत होते. फरक कळला तो वीस मिनिटांनी, कारण खोट्या बाटलीत पहिल्या भपक्यानंतर काहीच उरत नव्हते, फक्त मद्यार्काची कोरड आणि नख साफ करण्याच्या द्रवासारखा एक वास. ज्यांना मी त्या बाटल्या विकल्या होत्या त्यांना पैसे परत करण्यात तो पूर्ण हंगाम गेला. म्हणून बाटलीच्या तळाशी आणि खोक्यावर छापलेला उत्पादनाचा क्रमांक एकच आहे ना ते पाहा, फवारा बारीक धुक्यासारखा येतो ना ते पाहा, पक्की पावती घ्या आणि अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या अक्वा दी जिओच्या वाटेला जाऊ नका.

बाटली घरी आली की ती आरशासमोरच्या फळीवर ठेवू नका. ऊन आणि उष्णता यांनी लिंबूवर्गीय तेलांचे ऑक्सिडीकरण होते; मग वरच्या थराला रंगकामाच्या टर्पेंटाइनसारखा वास येतो, आणि अशी बिघडलेली तेले काहींच्या कातडीला सोसतही नाहीत. कूल वॉटरची निळी काच थोडा आडोसा देते, अक्वा दी जिओची फिकट, दुधाळ काच फारसा देत नाही. खोक्यासह लाकडी कपाटात, कौलांपासून दूर, खालच्या खणात ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत तर एक दिवसही नको. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. त्यावर परफ्यूम मारून तो झाकला जात नाही, म्हणून जून ते सप्टेंबर बाटली बरीचशी बंदच राहील हे धरून मोठ्या आकाराऐवजी ४० किंवा ७५ मिलीची घ्या. दोन फवाऱ्यांच्या हिशेबाने ती तुम्हाला सहज दोन उन्हाळे पुरेल.

आणि माझ्या शब्दावर थेट पैसे खर्च करण्यापूर्वी एक करा. दोन्ही परफ्यूमच्या दोन मिलीच्या नमुना-कुप्या कोठून तरी मिळवा. एका सोमवारी एक आणि दुसऱ्या सोमवारी दुसरे, असे बागेच्या दिवशीच लावा, तेही छातीवर एकाच फवाऱ्याइतके. दुपारी एकला शाखेत आल्यावर स्वतः हुंगू नका, कारण तोपर्यंत तुमचे नाक त्या वासाला सरावलेले असते. शेजारच्या टेबलावरील ज्या सहकाऱ्याशी तुमचे मोकळे बोलणे आहे त्याला विचारा, आणि काय लावले आहे ते सांगू नका. प्रत्येकाची कातडी थोडी वेगळी असते. त्याने दोन्ही सोमवारी एकच उत्तर दिले, किंवा दुसऱ्या कुपीच्या दिवशी फुलांचे नाव घेतले, तर तुमच्या अंगावर कॅलोन माझ्या अंगावर वागते तसे वागत नाही असे समजा आणि अक्वा दी जिओची ३० किंवा ५० मिलीची बाटली घ्या.